मास्तरांचं माप

मास्तरांनी आयुष्यात कधी पट्टा वापरला नाही. विषय निघाला की म्हणायचे, "पट्टा लागतो तो दुसऱ्यानं शिवलेल्या पॅन्टला." आणि स्वतःच हसायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हा विनोद एकदा तरी ऐकावाच लागायचा, आणि कोपऱ्यात काज-बटणं करत बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणायच्या, "झालं, लागली रेकॉर्ड."

म्हणून ज्या दिवशी मास्तरांची स्वतःची पॅन्ट कमरेवरून घसरली, त्या दिवशी दुकानात कोणी काही बोललं नाही.

दुसरी केमो होऊन काही दिवस झाले होते. पोटाचा कॅन्सर. सगळ्यांना माहीत होतं, मास्तरांनाही. लपवालपवी काही नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, बरं नाही का?" तर ते खडूनं कापडावर रेघ ओढता ओढता सांगायचे, "कॅन्सर आहे. तुमची पॅन्ट गुरुवारी." ऐकणाऱ्याचं तोंड उघडं राहायचं आणि मास्तर पुढची रेघ ओढायचे.

तर त्या सकाळी त्यांनी वरच्या फळीवरून कापडाचा गठ्ठा काढायला दोन्ही हात वर केले आणि पॅन्ट सरळ खाली. पडली नाही, कुल्ल्यांवर अडकली. एका हातानं ती धरून ते ट्रायलच्या आरशासमोर गेले. सरळ उभे राहिले, आडवे उभे राहिले. मग स्टुलावर बसले ते बसलेच. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी दूध पुढे केलं तर म्हणाले, "ठेव तिथं." तिथंच राहिलं, वर साय धरली.

बारक्यानं हे सगळं बघितलं. बारक्या म्हणजे धाकटा मुलगा. सत्तावीस पूर्ण, कपाळावरचे केस मागे सरकायला लागलेले, तरी बारक्याच. आई गेल्यापासून वरच्या दोन खोल्यांत हे दोघंच, बाप आणि लेक, आणि खाली दुकान. मास्तर कापायचे, बारक्या शिवायचा. आजारपणात पण तसंच चालू होतं, फक्त मास्तरांच्या बोटांची टोकं केमोनं बधिर झाली होती. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. कापडावर लाल ठिपका दिसला की मग कळायचं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारी झोपले तेव्हा बारक्यानं ती पॅन्ट खाली आणली. फार विचार केला नाही. खरं तर अजिबात केला नाही. कमरेची मागची शिवण उसवली, थोडी आत घेतली, टीप मारली. दोरा मुद्दाम जुन्या रिळाचा घेतला, विटका, म्हणजे रंग जुळेल. उसवलेल्या शिवणीची भोकं ओल्या फडक्यावरून इस्त्री मारून बुजवली. आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, आधी होती तशीच दुमडली. मग पॅन्ट वर नेऊन खुंटीला अडकवली, जशी होती तशी.

मास्तर उठले, पॅन्ट घातली, हुक लावला. थांबले. कमरेत अंगठा घालून बघितला.

"बारक्या."

"काय बाबा?"

"दोन दिवसांत भरलो की रे मी."

"असेल."

"असेल काय, आहे. हे बघ, अंगठा जात नाही." मग जरा वेळानं, "ते कालचं सूप आहे का काही?"

सूप प्यायले. वर एक अंडं खाल्लं. बारक्या जिन्यात जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडला, कारण दोन दिवसांत पहिल्यांदा बापाच्या पोटात काहीतरी गेलं होतं आणि ते राहिलं होतं.

इथंच थांबायला हवं होतं. पण जेवणारा बाप बघितल्यावर कोण थांबतं.

मग ते चालूच राहिलं. कंबर, मग मांडी, मग शर्टाच्या बाजूच्या शिवणी, मग खांदे. खांदे सगळ्यात अवघड, बाही काढून परत चढवावी लागते. मास्तरांचे कपडे ते किती, चार शर्ट आणि तीन पॅन्ट. जो धुवायला पडेल तो इस्त्रीहून येताना जरासा लहान होऊन यायचा. मास्तर हॉस्पिटलात असले की बारक्याला भरपूर वेळ मिळायचा. मावशींना पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांच्यासमोरच तर मशीन. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "हुशार आहेस. फार हुशार होऊ नकोस."

आरशाचं काय, असं कोणी विचारेल. तर मास्तरांनी दाढी वाढवली होती. गाल त्यात गेले. आणि माणसाला आरशात जे बघायचं असतं तेच तो बघतो. वजनाचं काय, तर हॉस्पिटलात दर वेळी काट्यावर उभं करायचे आणि आकडा दर वेळी खाली जायचा. मास्तर नर्सला म्हणायचे, "बाई, हा काटा भंगारात द्या." जन्मभर लोकांच्या कंबरा मोजलेला माणूस. काट्यापेक्षा त्यांचा विश्वास कमरेच्या पट्टीवर.

तिसऱ्या केमोनंतर हाल झाले. तोंड आतून सोललं, पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. रात्रंदिवस उलट्या. एका सकाळी मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बास झालं मला. आता नको." बारक्यानं ऐकलं. त्याच आठवड्यात त्यानं करडी पॅन्ट आत घेतली होती. दोन दिवसांनी मास्तरांनी ती घातली, कमरेत अंगठा घालून बघितला आणि म्हणाले, "लागू पडतंय तर सोसायला हवं." आणि चौथ्या केमोला गेले.

त्या वाक्यानंतर बारक्या पहिल्यांदाच दिवसभर मशीनवर बसला नाही.

*

चौथ्या केमोनंतर एका शुक्रवारी स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला मास्तर, ताई आणि बारक्या तिघंही गेले. ताई म्हणजे बारक्याची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, घरातलं हायकोर्ट. लहानपणापासून तिनं ठरवलं की ठरलं. केमोच्या तारखा, गोळ्या, रिक्षा, सगळं ती बघायची, आणि त्यातून वेळ उरला तर बारक्याला झापायची.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना तपासलं, काट्यावर उभं केलं, आकड्याकडे बराच वेळ बघितलं.

"मास्तर, वजन खूप उतरलंय."

"तुमच्या काट्याचं उतरलं असेल." मास्तरांनी शर्ट वर करून कंबर दाखवली. "हे बघा. ही पॅन्ट दोन वर्षांपूर्वी शिवलेली. बोट जातंय का बघा. अहो बघा, लाजताय काय."

बाईंनी खरंच बघितलं. मग काट्याकडे बघितलं. मग परत पॅन्टकडे. बारक्या जमिनीवरच्या फरशा बघत होता.

मास्तरांना तपासणीचं रक्त द्यायला आत पाठवलं तेव्हा बाईंनी या दोघांना पॅसेजमध्ये घेतलं. बाई तरुण होत्या, आवाज खालचा. औषध लागू पडलेलं नाही, म्हणाल्या. लिव्हरमध्ये पसरलंय, पहिल्यापेक्षा खूप जास्त. अजून एक औषध आहे, जास्त कडक, त्यासाठी सोमवारी भरती करावं लागेल, बरेच दिवस राहावं लागेल.

"त्यानं बरे होतील?" ताईनं विचारलं.

"नाही. थोडा वेळ वाढेल, तोही कदाचित. त्रास मात्र नक्की होईल. नाहीतर घरी ठेवा. दुखणं आटोक्यात ठेवायची औषधं मी देईन, नर्स घरी येईल. खरं सांगायचं तर मी माझ्या माणसाला घरी ठेवलं असतं."

"किती दिवस आहेत?" बारक्या पहिल्यांदाच बोलला.

"महिन्यांत मोजू नका," बाई म्हणाल्या. "मी हे त्यांच्याशी बोलणार आहे. निर्णय त्यांचा आहे."

"नको," ताई म्हणाली. "तुम्ही बोलू नका. बाबा खचतील. आणि बाई, तुम्ही कागदावरचं सांगता, पण ते बघा ना. चालतायत, दुकानात बसतायत, जेवतायत. कपडे बघा त्यांचे, तसेच्या तसे बसतात अंगाला. ज्याच्यात एवढी ताकद आहे त्याला असं घरी टाकून द्यायचं?"

बाई म्हणाल्या, "मलाही तेच कळत नाहीये," आणि का कोण जाणे, बारक्याकडे बघितलं. "बरं. सोमवारी सकाळी या. पण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सलाईन लावणार नाही. तोवर घरी नीट बोला."

मास्तर कोपराच्या वाकात कापूस दाबत बाहेर आले. "काय म्हणतायत?"

"अजून एक कोर्स, बाबा," ताई म्हणाली. "जरा जास्त पॉवरचा."

"घेऊ की. इथपर्यंत आलो, आता शेपूट राहिलंय." आणि बारक्याच्या पाठीवर थाप मारली. थाप कसली, नुसता हात ठेवल्यासारखा झाला.

*

शनिवारी बारक्यानं तोंडानं सांगायचा प्रयत्न केला.

मास्तर कापायच्या टेबलापाशी उभे होते. समोर शाळेतल्या सरांच्या कोटाचं कापड. सर काल येऊन गेले होते, मास्तरांकडे वरून खाली बघून म्हणाले होते, "मास्तर, तुम्ही आम्हाला पोचवणार." मास्तर खूश. आज मात्र कातर उचलली की बोटांत ठरायची नाही, मग ते कातर खाली ठेवून कापडावरून उगाच हात फिरवायचे.

"बाबा."

"हं."

"सोमवारचं... त्या बाई म्हणत होत्या की त्रास बराच होईल."

"होऊ दे."

"म्हणजे, उपयोग किती होईल ते..."

"बारक्या, तू भितोस." मास्तरांनी मान वर केली. "तुझी आई पण अशीच. मी साधा शिंकलो तरी दिवा लावून बसायची. अरे, मला माझं अंग कळतं. डॉक्टर आतलं बघतात, मी बाहेरचं बघतो. वाळत चाललेली माणसं मी काय कमी बघितलीत? येतात, 'मास्तर, जरा आत घ्या' म्हणतात. परत येतात, परत आत घ्या म्हणतात. मग यायची बंद होतात. माझं एकदा तरी आत घ्यावं लागलंय का? सांग ना."

बारक्या मशीनमध्ये दोरा ओवायला लागला.

"मग," मास्तर म्हणाले, आणि कातर उचलली.

मावशी बटण लावत होत्या. मास्तर वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता?"

"आता काय."

"आता काय म्हणे. तू त्यांना तिथं पाठवणारेस? नळ्या लावून घ्यायला?"

"ताईनं ठरवलंय."

"ताईनं डोळ्यांनी बघून ठरवलंय. तिच्या डोळ्यांवर पट्टी कोणी बांधली?"

"मावशी, मी बोलायला गेलो होतो. तुम्ही ऐकलंत ना. नाही ऐकत ते माझं."

"तुझं कशाला ऐकतील. कापडाचं ऐकतात ते." मावशींनी बटणाला शेवटचा वेढा दिला. "मी सांगत नाही हो काय करायचं. तू चांगलं केलंस का वाईट, तेच मला अजून कळलेलं नाही. जेवत होते, ते मी पण बघितलं."

*

रविवारी दुकान बंद. मास्तर दुपारी झोपले. खुंटीवर सोमवारसाठी काढून ठेवलेले कपडे होते, पांढरा शर्ट आणि करडी पॅन्ट. हॉस्पिटलात जायचं तर नीट जायचं, असं त्यांचं.

बारक्यानं दोन्ही खाली आणले. शटर अर्धं वर केलं, उजेडापुरतं. ब्लेड घेतलं.

शिवायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा उसवायला जास्त लागतो, निदान त्याला लागला. एकेक टाका तोडायचा, दोरा चिमटीत धरून ओढायचा. स्वतःचीच टीप होती, बारीक, सरळ, एक टाका चुकलेला नाही. मास्तरांनी लहानपणी मांडीवर बसवून शिकवलेली. कमरेतून आत दुमडलेल्या कापडाची पाचर निघाली, मांडीतून निघाली. शर्टाच्या दोन्ही बाजू सुटल्या. खांदे सुटले, बाह्या काढून मूळ जागी बसवल्या. दोन-तीनदा त्याचा हात थांबला. अजून परत शिवता येईल, असं वाटलं. इस्त्री मारली, खुंटीला लावलं, की सोमवारी बाबा हसत रिक्षात बसतील. मग ते हॉस्पिटलचं बेड डोळ्यांसमोर यायचं आणि भिंतीकडचं तोंड, आणि "लागू पडतंय तर सोसायला हवं".

शेवटी भोकं राहिली. जिथं जिथं त्यानं आत घेतलं होतं तिथं तिथं भोकांची एकेक रांग. इस्त्री तापलेली होती. ओलं फडकं पण तयार होतं. त्यानं इस्त्री उचलली. बराच वेळ हातात धरली. मग बंद करून ठेवली.

संध्याकाळी मास्तर उठले, चूळ भरली आणि म्हणाले, उद्याचे कपडे एकदा घालून बघतो. बारक्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला. आतून काहीच आवाज येईना. मग जिन्यावर पावलं वाजली, हळू, एकेक पायरी. मास्तर खाली दुकानात गेले होते. बारक्या मागोमाग गेला.

मास्तर ट्रायलच्या आरशासमोर उभे होते. पॅन्ट मुठीत धरलेली. शर्ट खुंटीवर लटकावा तसा लटकत होता, कॉलर आणि मान यांच्यामध्ये हात गेला असता. त्यांनी गिऱ्हाइकाला करतात तसं दोन बोटांनी बाजूचं सैल कापड चिमटीत धरलं. सोडलं. परत धरलं.

मग स्टुलावर बसून त्यांनी पॅन्ट काढली, उलटी केली आणि दिव्याखाली धरली. बोटांना लागत नव्हतं म्हणून डोळ्यांजवळ नेली.

"ही पहिली," ते म्हणाले. नख एका रांगेवरून फिरलं. "ही दुसरी. ही जरा वाकडी गेलीय, घाईत होतास. ही. आणि ही तर गेल्या आठवड्यातली, भोकं अजून ताजी आहेत."

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या केमोपासून."

मास्तर बसलेले. चड्डीवर, उघड्या पायांनी, स्टुलावर. पाय काठ्यांसारखे. बारक्याला वाटलं त्यांच्यावर काहीतरी पांघरावं, पण पुढे जायची हिंमत झाली नाही.

"मावशीला माहीत होतं?"

"हो."

"ताईला?"

"नाही."

"आपण कधी गिऱ्हाइकाला खोटं माप सांगितलं का रे?"

"नाही बाबा."

"मग मला का?"

बारक्यानं खूप उत्तरं तयार ठेवली होती. "तुम्ही जेवायला लागलात," तो म्हणाला. "ती पॅन्ट घातलीत आणि तुम्ही सूप मागितलंत."

मास्तरांनी डोळे मिटले. रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत, शीळ घालत गेलं.

"बाई काय म्हणाल्या, खरं?"

बारक्यानं सांगितलं. सगळं, पॅसेजमधलं जसंच्या तसं. मास्तरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे चौथी केमो उगाच," शेवटी ते म्हणाले.

बारक्यानं मान डोलावली.

"तिसरीनंतर मी थांबलो होतो. तुला माहितीय मी थांबलो होतो. तोंडात पाणी जात नव्हतं माझ्या. तरी गेलो, कशासाठी, तर ही पॅन्ट बसली म्हणून." त्यांनी पॅन्ट मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला, जसा कोटाच्या कापडावरून फिरवायचे. "तेवढे दिवस मला हवे होते, बारक्या. ते दिवस तू घेतलेस."

ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले. मग पॅन्ट तशीच हातात घेऊन जिना चढले, मध्ये दोनदा थांबले, आणि बारक्यानं हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे."

रात्री जेवले नाहीत. बारक्यानंही ताट वाढून घेतलं नाही.

*

सोमवारी सकाळी ताई आली. हातात बॅग, थर्मास, खाली रिक्षा थांबवलेली. "बाबा, झालं का? त्या रिक्षावाल्याचं तोंड बघण्यासारखं आहे," असं बोलत ती दुकानात शिरली आणि थांबली.

मास्तर गल्ल्याच्या खुर्चीत बसले होते. तेच कपडे. कमरेला अस्तराची एक पट्टी गुंडाळून गाठ मारलेली. मावशी आपल्या कोपऱ्यात होत्या, पण हातात सुई नव्हती. बारक्या मशीनच्या मागे उभा.

"हे काय घातलंय?" ताई म्हणाली. "कोणाचे आहेत हे?"

"माझेच."

"तुमचे कसे असतील, एवढे मोठे..." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. ती जवळ आली. बापाच्या कॉलरला हात लावला, खांद्यावरून हात खाली आणला, कापड आणि हाड यांच्यामधली सगळी पोकळी तिच्या हाताला लागली असणार. गेले कित्येक महिने ती आठवड्याला या माणसाला रिक्षात घालून नेत होती, आणि जणू आज पहिल्यांदा बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. "अहो, तुम्ही..."

"मी नाही येत," मास्तर म्हणाले. "रिक्षा सोडून दे."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच बघितलं. त्यानं उसवून ठेवले."

ताईला जरा वेळ लागला. मास्तरांच्या कपड्यांकडे, मग मशीनकडे, मग बारक्याकडे. हायकोर्टाला पुरावा समजायला लागला तेवढाच वेळ. मग ती आली आणि बारक्याच्या दंडावर जोरात मारलं, लहानपणी मारायची तसं. परत मारलं. मग तोच दंड धरून उभी राहिली.

"मला पण नाही सांगितलंस," ती म्हणाली. "मूर्खा, मला पण. मी त्या बाईशी भांडत होते. ताकद आहे, ताकद आहे, म्हणत होते. मी त्यांना ढकलत होते रे तिकडे."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ठेव तुझ्याजवळ."

"त्याला मारून झालं असेल तर बस," मास्तर म्हणाले. "आणि तो थर्मास उघड. चहा आहे का त्यात?"

"दूध आहे."

"कोणी मागितलं होतं दूध." तरी त्यांनी झाकणात घेतलं, दोन घोट प्यायले आणि बाजूला ठेवलं. जबरदस्ती कोणी केली नाही. तेवढंच ते प्यायले.

ताईनं रिक्षा सोडली. मग दुकानाच्या पायरीवर उभं राहून हॉस्पिटलला फोन लावला. "नाही, आम्ही येत नाही. नाही, मी नाही ठरवलं. त्यांनी." मग पलीकडून काहीतरी बोलणं झालं, ते तिनं नाक पुसत ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "हो, नर्सला पाठवा. आजच आली तर बरं." आत आली आणि बॅग घेऊन सरळ जिना चढली. भरतीसाठी आणलेल्या बॅगेत तिचे स्वतःचे कपडे पण होते, हे बारक्याला आत्ता दिसलं. हॉस्पिटलात ती राहणार होती. आता इथं राहणार होती.

मास्तर खुर्चीचा हात धरून उठले. अस्तराची गाठ सुटली आणि पॅन्ट परत मुठीत आली.

"हे असं नाही चालायचं," ते म्हणाले. "बारक्या, टेप घे."

बारक्या जागचा हलला नाही. काल वर गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"बहिरा झालास का? कमरेचं माप घे. आत घ्यायचीय. पण माझ्या समोर. मी सांगतो तशी, आणि मी बघतो."

बारक्यानं गळ्यातली टेप काढली आणि बापासमोर गुडघ्यांवर बसला. शर्ट वर सारून पॅन्टच्या वरच्या बाजूनं दोन्ही हात मागे नेले, टेप पुढे आणली. एवढ्या महिन्यांत त्यानं बापाच्या कपड्यांना शंभरदा हात लावला होता, अंगाला असा नव्हता लावला. श्वास घेताना पोट आत जायचं आणि बरगड्यांची शेवटची कड वर यायची, ती त्याला कपाळाजवळ दिसत होती. त्यानं टेपवर बोट धरलं.

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले. "दुकानात माप मोठ्यानं सांगतात."

बारक्यानं आकडा सांगितला.

मास्तरांनी मान खाली करून टेपकडे बघितलं.

"सैल धरलीस."

बारक्याचं बोट टेपवरच होतं. आणि खरंच, मध्ये बोटभर जागा होती. मुद्दाम नव्हती सोडली. हाताला सवय लागली होती.

"परत घे," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्यांनी एक हात बारक्याच्या डोक्यावर ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. "अंगाला लावून घे. मला दुखत नाही."

बारक्यानं टेप आवळली. जिन्यावर ताई येऊन उभी राहिली होती. त्यानं आकडा बघितला आणि जो होता तो सांगितला.